कोरड्या चपला

एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये, तपासणीला.
डोळ्यांआधी बोटांना कळायचं:
शाई चढलीय, कागद हलका आहे,
धागा कुशीवर वळून झोपलाय.
एकदा भाजीवालीने सुट्टे देताना शंभराची दिली,
मी न बघताच परत केली.
"मामा, पोलिसात आहात का?"
म्हटलं, नाही गं, पोलिसांना कळत नाही.

आता निवृत्त. जेल रोडला दुसरा मजला,
हातात मोबाइल.
काच.
खरं गुळगुळीत, खोटं गुळगुळीत,
बोट फिरवून फिरवून एवढंच कळतं
की काचेला चिवड्याचं तेल लागलंय.

सकाळी गुलाब, दवबिंदू, सुप्रभात.
पाठोपाठ: कांद्याच्या रसाने मोतीबिंदू जातो.
मग अख्खं लासलगाव
बिनचष्म्याचं फिरायला हवं होतं.

चौकात फ्लेक्स. भावी नगरसेवक विलासआप्पा बोराडे.
मागच्या वेळीही भावीच होते.
पक्ष तिसरा, हसू तेच, जाकीटही तेच,
मागचा रंग बदललाय
आणि वरच्या गोलांमधली माणसं.
फ्लेक्सचा बांबू ज्या खड्ड्यात रोवलाय
तो बुजवल्याचा व्हिडिओ आहे त्यांच्याकडे, ढोलासकट.
मी तो त्याच खड्ड्यात उभं राहून बघितला.
"आप्पा, हा खड्डा कुठला?"
"काका, तुम्ही भावना बघा."

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही.
आषाढात ग्रुपवर आलं, आपले दातारसाहेब गेले.
मी हात जोडले, 'भावपूर्ण' लिहिलं,
'पितृतुल्य'सुद्धा लिहिलं, जे ते कधीच नव्हते,
रजेच्या अर्जावर तीन तीन दिवस बसायचे.
वर सतरा जणांना पाठवलं.
संध्याकाळी फोन.
"दातार बोलतोय. पितृतुल्य वाचून बरं वाटलं."
दुरुस्ती टाकली, ती कोणी पुढे पाठवली नाही.
ग्रुपच्या लेखी साहेब अजून वारलेलेच आहेत.

परवा रात्री पावणेबारा.
'गंगापूर धरणाचे सगळे दरवाजे उघडले. दोनपर्यंत पाणी.
घाबरू नका, सर्वांना कळवा.'
मोघेवहिनींनी घरातली सगळी पिंपं भरून ठेवली,
पूर येणार म्हणून.
गायधनींनी मोटरसायकल जिन्यातून पहिल्या मजल्यावर चढवली.
ती अजून तिथेच आहे,
चढवायला सहा जण होते, उतरवायला कोणी येत नाही.
आणि मी, दुसऱ्या मजल्यावर,
गाद्या माळ्यावर टाकल्या.
दोन वाजले. तीन.
सकाळी नळालासुद्धा पाणी नव्हतं.

पहिली बस धरून घाटावर गेलो.
या गावात पूर मोजणारं खातं एकच, दुतोंड्या मारुती.
गुडघा, कंबर, छाती, असे त्याचे आकडे.
तोंडं दोन, पण दोन्हींकडून एकच सांगतो.
(आप्पांना तोंड एकच आहे.)
पाणी पार खाली होतं.
एक बाई तांब्या घासत होती,
तिच्या मागे पायरीवर कुत्रं झोपलेलं.

फोन थरथरला.
फोटो: मारुतीच्या गळ्याशी पाणी. 'आत्ताचा, लाइव्ह.'
मी लिहिलं, मी इथेच उभा आहे, त्याच्यासमोर.
चपला कोरड्या आहेत.
निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग गायधनी: "काका, फोटो नीट मोठा करून बघा."
मग आप्पा: "पूरग्रस्तांच्या पाठीशी खंबीर",
जाकिटातल्या फोटोसह.

मी वाकलो, पायरीला हात लावला.
दगड खरबरीत, गार, कडेला शेवाळाची बारीक पट्टी.
किती दिवसांनी बोटांना काही कळलं.

घरी पोचेपर्यंत माझ्या मेसेजला
एकच अंगठा आला होता.
दातारांचा.